टायरची डावी कड

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. गाडी थोडी चालली की मधले केस घासून जातात. कडेचे मात्र वळणावर गाडी वाकवल्याशिवाय जात नाहीत. माझ्या मोटारसायकलच्या मागच्या टायरला उजव्या कडेला मोजकेच केस उरले होते आणि डाव्या कडेचे सगळे शाबूत होते. गाडी घेऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

ट्रॅकवरच्या माझ्या पहिल्याच रविवारी वस्ताद गाडीमागं उकिडवे बसले आणि त्या केसांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"डावीकडं कोण बसलंय रं तुझ्या? वाघ?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. घाबरलेल्या माणसाला त्या वेळी दुसरं काय सुचणार.

वस्ताद तरुणपणी शर्यतीत मोटारसायकल पळवायचे. आता त्यांचं शहरात स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि रविवारी सकाळी ते आमच्यासारख्यांना वळण घ्यायला शिकवायचे. कोल्हापुरात काहीही शिकवणारा माणूस शेवटी वस्तादच होतो, मग तो कुस्ती शिकवो नाहीतर तबला. ट्रॅक गडमुडशिंगी गाव ओलांडून पुढं एका माळावर होता. मुळात तो लहान कार्टगाड्यांसाठी केलेला, अरुंद डांबरी रस्ता. त्याला सरळ भाग कमी आणि वळणंच जास्त. कडेनं जुन्या टायरांच्या उतरंडी रचलेल्या. माझ्यासारख्या माणसानं तिथं जाणं म्हणजे पाण्याला भिणाऱ्यानं रंकाळ्यात उडी टाकण्यासारखंच होतं. पण मला दुसरा इलाज राहिला नव्हता.

डाव्या वळणाची भीती माझ्यात कधी शिरली ते मला नक्की माहीत आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चौथीत होतो. मावशी गडमुडशिंगीत दिलेली, तिच्याकडून आम्ही संध्याकाळी परत येत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, गाडी चालवत होते, आई मागं आणि मी पुढं टाकीवर. ऊस तोडणीचे दिवस होते आणि रस्त्यावर उसाचा ओला पाला पडलेला होता. गावाबाहेरच्या डाव्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. मी टाकीवर होतो, म्हणून मला सगळं आबांच्याही आधी दिसलं. गाडी वळण सोडून सरळ त्या ट्रॉलीच्या चाकाकडं निघाली होती. आबांनी ब्रेक दाबला, पाल्यावरून चाक गेलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. ट्रॉली आमच्या शेजारून गेली. मी गवतात, आई माझ्यापासून थोडी दूर, आणि आबांचा डावा गुडघा गाडीखाली.

तो गुडघा पुन्हा वाकला नाही. आबा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. पुढं मालकांनी त्यांना बसून करायचं काम दिलं, पण त्या दिवसापासून ते खुर्चीत बसले की एक पाय समोर काठीसारखा सरळ असायचा. आमच्या घरात येणारा-जाणारा तो पाय ओलांडून जायचा. आई त्यानंतर कधी मोटारसायकलवर बसली नाही. मावशीकडं जायचं तर वडापच्या जीपमध्ये दहा माणसांत दाटीवाटीनं बसून जायची, पण गाडीवर नाही.

पुढं मला नोकरी लागली ती फवारणीचे पंप विकायची. आज जयसिंगपूर, उद्या पेठ वडगाव, परवा शिरोळकडची गावं. गाडीशिवाय ती नोकरी होणारच नव्हती. आईनं बरेच दिवस अबोला धरला आणि मग एका अटीवर गाडी घेऊ दिली.

"घे. पन एकदा जरी पडलास, तर त्या दिवशी गाडी इकायची. मग नोकरी जाऊ दे न्हाईतर काय बी हू दे."

ही अट मी मान्य केली. मान्य करताना मला वाटलं, आपण हळू चालवू, काय होतंय. पण डावं वळण आलं की माझे हात लाकडासारखे व्हायचे. मी वेग सायकलइतका कमी करायचो, तरी गाडी आत वळायची नाही, रस्त्याच्या मध्याकडं सरकत जायची. मागचे हॉर्न मारून शिव्या द्यायचे. एकदा जयसिंगपूरहून येताना अशाच वळणावर समोरून एसटी आली आणि तिचा आरसा माझ्या हेल्मेटजवळून गेला. मी पुढं जाऊन बाभळीखाली गाडी लावली आणि तिथंच ओकलो. त्या दिवशी मला कळलं की मी हळू चालवल्यानं वाचणार नाही. ही भीतीच मला एक दिवस मारणार आहे. म्हणून मी ट्रॅकवर गेलो.

आईला सांगितलं, वळण शिकायला जातोय. ती म्हणाली, "शिकून ये. पन अट ध्यानात हाय न्हवं?"

वस्तादांची शिकवण्याची पद्धत साधी आणि तोंड फाटकं. ते टायरवर खडूनं या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ मारायचे आणि फेऱ्या मारायला पाठवायचे. परत आलं की रेघेचा जेवढा भाग घासून गेला तेवढं तुम्ही वाकलात. उरलेला पांढरा भाग म्हणजे तुमची भीती. खोटं बोलायला जागाच नाही. माझ्या उजव्या बाजूचा खडू हळूहळू कडेपर्यंत जाऊ लागला. डाव्या बाजूला दोन बोटं पांढरं कायम राहायचं.

"ब्रेक वळनाच्या आधी. वळनात ब्रेकला बोट लावलंस तर बोट मोडीन," वस्ताद म्हणायचे. "डावीकडं जायचं तर डावी मूठ पुढं ढकल. आनि मान फिरव. वळन जिथं संपतंय तिकडं बघ. जिकडं बघशील तिकडंच जाशील, ध्यानात ठेव."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला गडमुडशिंगीचं वळण आठवलं. आबांनी त्या दिवशी ट्रॉलीच्या चाकाकडं बघितलं होतं. टाकीवरून मागं वळून बघताना त्यांची मान तिकडंच वळलेली मला दिसली होती. इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदाच कळलं की गाडी तिकडं का गेली. घरी येऊन मी हे आबांना सांगितलं नाही. सांगून त्यांचा गुडघा वाकणार नव्हता.

भीती कमी होते असं लोक सांगतात. माझा अनुभव तसा नाही. शनिवारी संध्याकाळपासूनच मला धास्ती लागायची. जेवण जायचं नाही. पाऊस येऊ दे, गाडी पंक्चर होऊ दे, ताप येऊ दे, असं मी मनात म्हणत असायचो. सकाळी जाताना गडमुडशिंगीचं ते जुनं वळण लागायचं, तिथं जीव मुठीत धरून जायचो, आणि पुढं ट्रॅकवर तसलीच वळणं माझी वाट बघत असायची. फरक एवढाच पडला की भीती पोटात असताना हात मात्र ऐकू लागले. उन्हाळा गेला, मोठ्या पावसात ट्रॅक बंद राहिला, गणपतीनंतर पुन्हा सुरू झाला, आणि डावीकडचा पांढरा भाग दोन बोटांवरून एका बोटावर आला. त्या दिवशी मी कुणालाही न सांगता कुंभार गल्लीतून घरी पेढे घेऊन गेलो. आईला वाटलं पगार वाढला.

मग दसरा आला. आमच्या घरात खंडेनवमी हा आबांचा सण. फिटर माणसाच्या घरात लोखंडाला फार मान. आबांचे पाने, हातोड्या, कानस, आईची विळी, कात्री, शिलाई मशीन, सगळं घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडलं जायचं. तेल लावलं की लोखंड गंजत नाही, आणि गंजलेल्या हत्याराची पूजा करायची नाही, असा आबांचा नियम होता. गुडघा गेल्यापासून ते खाली बसू शकत नव्हते. खुर्चीत बसून सांगायचे आणि आई सगळं करायची.

त्या वर्षी मी कामावरून आलो तेव्हा गाडी अंगणात धुऊन उभी होती. हेडलाइटला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाची बोटं. आई वाटी घेऊन मागच्या चाकाशी बसली होती आणि फडक्यानं टायर पुसत होती. टायर इतका काळाभोर चमकत होता की शोरूममध्येही तसा नव्हता.

"कसा दिसतोय?" तिनं विचारलं.

"नवाकोरा," मी म्हणालो.

"ह्या बाजूनं नवाच हाय की अजून. केसं बी गेली न्हाईत." ती डाव्या कडेवरून फडकं फिरवत समाधानानं म्हणाली. त्या केसांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. न झिजलेली वस्तू म्हणजे जपून वापरलेली वस्तू, एवढंच तिला दिसलं. मला तिच्या त्या समाधानाची थोडी लाजही वाटली आणि बरंही वाटलं. वाटीत काय आहे ते मी बघितलं नाही.

पुढच्या रविवारी ट्रॅकवर गर्दी होती. वस्ताद दुसऱ्या कुणाशी तरी हुज्जत घालत होते, म्हणून खडूची रेघ मीच मारली. मध्ये नीट उमटली. उजव्या कडेला फिकी, आणि डाव्या कडेला उमटेचना, खडू नुसता सरकत होता. सकाळचं दव असेल म्हणून मी हात झटकले आणि हेल्मेट घातलं.

त्या दिवशी मी चांगली गाडी चालवत होतो, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पहिल्या फेऱ्या सावकाश मारल्या. उजवी वळणं जमत गेली. मग टायरांच्या उतरंडीजवळचं लांब डावं वळण आलं. मी ब्रेक आधी सोडला, मान फिरवली, वळण संपतं तिथल्या निलगिरीकडं बघितलं आणि डावी मूठ ढकलली. गाडी वाकली. आजवर कधी गेली नव्हती तिथपर्यंत गेली, आणि माझ्या मनात आलं की आता पांढरं काही उरणार नाही. त्याच क्षणी मागचं चाक माझ्याखालून निघून गेलं. सरकलं, घसरलं असं काही नाही. होतं आणि नव्हतं, एवढंच. मग डांबर, खांद्यात कट्‌ असा आवाज, आणि तोंडात माती.

वस्ताद धावत आले. माझा डावा हात उचलेना. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मला सावलीत बसवून ते गाडी उचलायला गेले आणि तिथंच टायरशी खाली बसले. कडेवरून अंगठा ओढला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं आले.

"खोबरेल हाय. डोक्याचं तेल टायरला लावतोस व्हय रं?"

 माझ्या डोळ्यांपुढं आईच्या हातातली ती वाटी आली. मधलं तेल रस्त्यावर घासून गेलं होतं. उजवीकडचंही हळूहळू गेलं असणार, कारण तिकडं मी रोजच वाकत होतो. डावी कड मात्र मी इतके महिने जपली होती, आणि तेलही तिथंच जपून राहिलं होतं. माझ्या तोंडाकडं बघून वस्तादांना काय कळायचं ते कळलं असावं. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि तेही कोल्हापूरचेच. त्यांनी टायरवर माती टाकली, फडक्यानं घासलं आणि म्हणाले, "घरी काय बी सांग. आईच्या म्होरं माझं नाव घिऊ नगं."

घरी मी सांगितलं की माझीच चूक झाली, जास्त वाकलो. हे सांगताना माझी पाचावर धारण बसली होती, ती गाडीसाठी नाही. खोबरेल हा शब्द आईसमोर चुकून तोंडातून जाईल याची मला भीती वाटत होती. एकदा रस्त्यानं तिच्या नवऱ्याचा पाय घेतला होता. मुलाचं हाड तिच्याच हातानं मोडलं हे तिला कळलं असतं, तर ती पुन्हा कधी दिवा तरी लावू शकली असती की नाही, देव जाणे.

आई रडली नाही. तिनं माझ्या गळ्यातली झोळी सारखी केली आणि म्हणाली, "अट ठरली हुती." मी मान हलवली. नोकरी जाणार हे त्या हलवलेल्या मानेतच आलं.

आबांनी मला एकटं गाठून फक्त एवढं विचारलं, "मागलं चाक गेलं का पुढलं?"

"मागलं."

"डावीकडं?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी खिडकीतून मी बघितलं. आबा काठी टेकत अंगणात गाडीजवळ गेले, पाय लांब ठेवून कसेबसे वाकले आणि टायरला हात लावला. मग नळावर गेले. आई तिथं भांडी घासत होती. तिनं त्यांच्या हातावर साबण ठेवला, आबांनी हात धुतले आणि खुर्चीत येऊन बसले. आई बराच वेळ नळ चालूच ठेवून तशीच बसून राहिली. मला वाटलं, माझ्याच काळजीत असेल.

माझं हाड जुळत आलं तेव्हा गाडी बघायला पेठ वडगावहून एक पावणं आले. माझ्याच वयाचे, नुकतंच लग्न झालेलं. गाडी त्यांना पसंत पडली. टाकीवर हात फिरवत ते म्हणाले, "बायकूला बसवून कनेरीला जायाचं हाय. जरा एक चक्कर मारून बघू का?"

मी किल्ली दिली. त्यांनी गाडी चालू केली, स्टँड काढला. आणि आई घरातून धावतच बाहेर आली.

"थांबा. उतरा आधी. चाकाला त्याल हाय."

पावण्यांनी गाडी बंद केली. आबांनी मान खाली घातली. मी आईकडं बघायचं टाळलं, पण ती माझ्याकडंच बघत होती.

"तुला ठावं हुतं?"

मी टायरकडं बघितलं.

"ठावं हुतं, आनि म्हटलास माझी चूक." तिनं आबांकडं हात केला. "ह्यांच्या हाताला त्या दिवशी वास आलता नळावर. तवापासनं मला बी ठावं हाय. म्हटलं, जाऊ दे, गाडी जातीय न्हवं, बोलून काय करायचं. पन ह्या पावण्यांच्या मागं कुनाची तरी ल्येक बसनार की."

ती घरात गेली आणि बादली, भांड्यांची पावडर आणि काथ्या घेऊन आली. पावण्यांच्या देखत मागच्या चाकाशी बसली आणि टायर घासू लागली. उजवी कड, मग डावी कड. पाणी ओतायची, बोट फिरवायची, वास घ्यायची आणि पुन्हा घासायची. पावण्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. ते हळूच म्हणाले, "आपल्याला न्हाय जमायची ही गाडी," आणि चहाही न घेता गेले. त्यांचा मला तेव्हा राग आला. आता वाटतं, शहाणा माणूस.

टायर करडा आणि कोरडा झाला तेव्हा आई उठली. पदराला हात पुसत म्हणाली, "तू पडला न्हाईस. मी पाडला. मग अट कशाची लागू हुतीय?"

"आई, तसं न्हवं."

"तसंच हाय. गाडी ऱ्हाऊ दे."

नोकरी राहिली. मी पुन्हा ट्रॅकवर गेलो तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. निलगिरीजवळच्या त्या वळणावर वस्तादांनी मला कितीतरी रविवार नुसतं चालवत नेलं, पायी. मग सायकलच्या वेगानं. खडूचं पांढरं पुन्हा दोन बोटांवर आलं होतं. ते घालवायला पुढचा दसरा उजाडला. त्या खंडेनवमीला आईनं कुंकू फक्त हेडलाइटला लावलं, आणि तेलाची वाटी गाडीपासून लांब, चुलीमागं ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी आजारी पडल्याचा निरोप आला. वडापवाले संपावर होते. आई पिशवी घेऊन अंगणात आली, गाडीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "चल."

ती मागं बसली आणि तिनं हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला, बरोबर जुळलेल्या हाडावर.  मग गडमुडशिंगीचं वळण दिसलं. समोरून रिकामी ट्रॉली येत होती. खांद्यावरची बोटं हाडात रुतली. मी ब्रेक आधी सोडला, ट्रॉलीवरची नजर उचलून वळण संपतं तिकडं टाकली आणि डावी मूठ ढकलली. गाडी वाकली. मागं आई ताठ झाली, मग तिनंही अंग सोडलं आणि माझ्याबरोबर डावीकडं वाकली.

मावशीच्या दारात आम्ही उतरलो.  ती घरात जायच्या आधी मागच्या चाकाशी वाकली, डाव्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"ह्या बाजूनं बी जुना झाला की रं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून आत गेली.